उताराच्या प्लॉटवर कँटिलिव्हर रिटेनिंग वॉल: पहिल्यांदा बांधणाऱ्या पुणेकरांसाठी

आधीच सांगतो, मी इंजिनिअर नाही. मुळशी तालुक्यात, भूगावच्या पुढे, एक उताराचा प्लॉट घेतला तेव्हा मी समोरची टेकडी पाहिली, खालचं तळं पाहिलं, आणि उताराकडे पाहायचंच विसरलो. मग घरासाठी सपाट जागा करायची म्हणून वरची माती कापून खाली भरली. भरलेली माती अडवायला कॉन्ट्रॅक्टरच्या सांगण्यावरून दगडी भिंत घातली. दोन फूट जाड, साडेसात फूट उंच, सिमेंटमध्ये दगडांचे सांधे चांगले भरून घेतलेली. पाणी जायला भोकं ठेवू का विचारलं तर उत्तर आलं, "कशाला, ओघळ येऊन भिंत घाण दिसते." जुलैत भिंतीला पोट आलं. ऑगस्टमध्ये एका रात्री त्यातली पाच-सहा मीटर भिंत खालच्या रस्त्यावर झोपली. तिथे कुणी नव्हतं, हे नशीब.

त्यानंतर मी रीतसर डिझाइन करून आरसीसी कँटिलिव्हर भिंत बांधली. १५ मीटर लांब. त्यात जे शिकलो, ते इथे पायरीपायरीने लिहितो आहे. हे वाचून स्वतः डिझाइन करू नका. पण इंजिनिअर आणि ठेकेदार काय बोलताहेत ते कळावं, आणि कुठे थांबून "एक मिनिट" म्हणायचं ते समजावं, इतपत उपयोग होईल.

१. आधी ठरवा, तुम्हाला कोणती भिंत लागणार आहे

सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो. कंपाउंड वॉल आणि माती अडवणारी रिटेनिंग वॉल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपाउंड वॉल फक्त स्वतःचं वजन आणि वारा सोसते. तिच्या एका बाजूला चार फूट भराव टाकला की ती आपोआप रिटेनिंग वॉल होत नाही, ती पडायच्या तयारीत असलेली कंपाउंड वॉल होते. २९ जून २०१९ च्या पहाटे कोंढव्यात सोसायटीची कंपाउंड भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जण गेले. पुढच्या दोन-तीन दिवसांतच आंबेगावातही भिंत पडून सहा जणांचा जीव गेला. दोन्ही घटना पावसातल्या. आपल्या भागात भिंती उन्हाळ्यात पडत नाहीत, यातच निम्मं उत्तर आहे. त्याकडे पुढे येतो.

ढोबळ निवड अशी: तीन-चार फूट माती अडवायची असेल तर नीट बांधलेली, तळाशी रुंद दगडी भिंत पुरते. ती नुसत्या वजनावर उभी राहते. नाल्याच्या कडेला, जिथून पाणी सतत झिरपणार आहे, तिथे घाटात दिसतात तशा तारेच्या जाळीत दगड भरलेल्या भिंती, म्हणजे गॅबियन, चांगल्या. साधारण पाच फुटांपासून वीस फुटांपर्यंत आरसीसी कँटिलिव्हर. त्याहून उंच गेलात तर मागे त्रिकोणी पडद्या घातलेली काउंटरफोर्ट भिंत लागते, आणि मग तुम्ही हा लेख वाचत बसू नका, थेट इंजिनिअरकडे जा.

२. ही भिंत उभी कशी राहते, ते एकदा समजून घ्या

अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात फळीच्या टोकाला पत्र्याचा एल आकाराचा तुकडा लावलेला असतो. पुस्तकं त्याला ढकलतात, पण तो सरकत नाही, कारण त्याच्या आडव्या पात्यावर पुस्तकंच बसलेली असतात. कँटिलिव्हर भिंत म्हणजे हाच प्रकार. उभ्या भागाला स्टेम म्हणतात. खालच्या आडव्या स्लॅबचा मातीखाली गेलेला भाग म्हणजे हील, टाच. पुढे बाहेर आलेला भाग म्हणजे टो, पंजा. जी माती भिंतीला ढकलते, तीच टाचेवर बसून भिंतीला धरूनही ठेवते. म्हणून दगडी भिंतीपेक्षा ही कितीतरी बारीक असूनही टिकते.

"कँटिलिव्हर" या शब्दाला घाबरू नका. बाल्कनी भिंतीतून बाहेर येते आणि दुसऱ्या टोकाला आधार नसतो, तोच कँटिलिव्हर. इथे ती बाल्कनी उभी केली आहे, एवढंच.

आता आकडे. माझ्या भिंतीची पायाच्या तळापासून उंची ३ मीटर. मागे कोरडा मुरूम असेल तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर साधारण पावणेतीन टन जोर येतो, आणि तो तळापासून एक तृतीयांश उंचीवर, म्हणजे १ मीटरवर लागतो असं धरतात. पहिल्या ड्रॉइंगमध्ये पाया १.८ मीटर रुंद. भिंत आणि टाचेवरची माती मिळून वजन साधारण आठ टन. मुरमावर त्यातली निम्मी, म्हणजे चारेक टन पकड मिळते. चार भागिले पावणेतीन, जवळजवळ दीड. काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक, आयएस ४५६, घसरण्याविरुद्ध किमान १.४ मागतं. पास.

आता तीच भिंत, पण मागे पाणी तुंबलं आहे. एकट्या पाण्याचा जोर साडेचार टन. भिजलेल्या मातीचा दीड टन वेगळा. सहा टन झाले. पकड मात्र चारचीच, खरं तर कमीच, कारण पाणी पायालाही खालून उचलतं. भिंत चालू लागते. माझ्या दगडी भिंतीचं पोट का आलं, हे मला हा हिशेब एका वहीच्या मागच्या पानावर पाहिला तेव्हा कळलं. मातीला अडवायला पैसे मी दिले होते, पाण्याला वाट मात्र दिली नव्हती.

अजून एक गोष्ट डोक्यात ठेवा. उंची दुप्पट झाली की जोर चौपट होतो आणि उलटवणारी ताकद आठपट. म्हणून "साहेब, अजून दोन फूट वाढवून टाकू, काही होत नाही" हे वाक्य साइटवर ऐकलंत की काम थांबवा.

३. कागदपत्रं आणि परवानग्या

हा भाग कंटाळवाणा आहे, पण माझे दोन महिने यातच गेले. जवळ ठेवायचे कागद:

- सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, आणि असल्यास एनए आदेश
- भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून घेतलेला नकाशा, म्हणजे मोजणीची क प्रत
- प्लॉटचा लेव्हलसकट सर्व्हे, ज्यावर उताराच्या समोच्च, म्हणजे सारख्या उंचीच्या, रेषा आहेत
- माती परीक्षणाचा अहवाल
- लायसन्सधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही असलेलं डिझाइन आणि ड्रॉइंग
- मंजूर नकाशा, ज्यात ही भिंत दाखवलेली आहे
- खोदकाम मोठं असेल तर गौण खनिजाबाबत तहसील कार्यालयाचा कागद

शहराच्या हद्दीत महापालिका, बाहेर बहुतेक ठिकाणी पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. आर्किटेक्टला पहिल्याच दिवशी विचारा की प्लॉटचा उतार किती आहे. १:५ पेक्षा, म्हणजे पाच फुटांत एक फूट चढापेक्षा, जास्त उताराच्या टेकडीवर बांधकामाला परवानगी मिळत नाही. शिवाय महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांतल्या बऱ्याच टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं आरक्षण आहे. एजंट तुम्हाला "रिटेनिंग वॉल घातली की प्लॉट सपाटच" असं सांगेल. भिंतीने जमीन सपाट होते, आरक्षण उठत नाही. ओढा-नाला जवळ असेल तर त्याची हद्द आणि पूररेषा वेगळी तपासा. २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं, ते पुण्यात कुणाला सांगायला नको.

मोजणी मात्र टाळूच नका. कारण या भिंतीचा पाया भिंतीपेक्षा कितीतरी पट रुंद असतो. वर आठ इंच दिसणारी भिंत खाली सहा फूट जागा खाते. हद्दीवर भिंत घ्यायची असेल आणि शेजाऱ्याची माती तुमच्या बाजूला अडवायची असेल, तर टाच त्याच्या जागेत जाते, आणि त्याला तो हो म्हणणार नाही. मग टाच जवळजवळ न ठेवता पाया आपल्याच बाजूला, लांब पंज्याचा घ्यावा लागतो. अशा भिंतीला टाचेवरच्या मातीचं वजन मिळत नाही, त्यामुळे ती महाग पडते. कुठल्या बाजूची माती आहे आणि हद्द कुठे आहे, हे डिझाइन सुरू होण्याआधी इंजिनिअरला चित्र काढून सांगा. आणि शेजाऱ्याशी चहा पिऊन बोला, पण ठरलं ते लिहून घ्या.

४. खड्डा घेऊन जमीन पाहा

पुण्याची जमीन फसवी आहे. टेकडीच्या अंगाला फूटभर मातीखाली मुरूम लागतो, त्याखाली काळा दगड. शंभर मीटर खाली उतरलात की सहा-सात फूट काळी माती. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. तिच्यावर पाया नको आणि भिंतीमागे भरावालाही ती नको.

जेसीबीने भिंतीच्या रेषेवर दोन-तीन ठिकाणी खड्डे घ्या आणि इंजिनिअरला प्रत्यक्ष उतरून पाहू द्या. फोटोवर भागवू नका. माझ्याकडे एका टोकाला अडीच फुटांवर कठीण मुरूम होता, दुसऱ्या टोकाला जुना भराव निघाला, त्यात विटांचे तुकडे आणि कुणाची तरी प्लास्टिकची चप्पल. तिथे पाया आणखी खाली न्यावा लागला. भरावावर पाया ठेवायचा नाही, तो किती का जुना असेना.

५. ड्रॉइंग हातात आल्यावर काय बघायचं

डिझाइन इंजिनिअर करेल. तुम्ही एवढं पाहा:

उंची कुठून मोजली आहे? ठेकेदार जमिनीच्या वर दिसते ती उंची सांगतो, इंजिनिअर पायाच्या तळापासून मोजतो. माझी भिंत दिसायला २.३ मीटर, पण ७० सेंटिमीटर जमिनीत, म्हणून ३ मीटर. कोटेशन या दोघांतल्या फरकावरच फसतं.

पायाची रुंदी साधारण उंचीच्या निम्म्यापासून सत्तर टक्क्यांपर्यंत असते. त्याहून खूपच कमी दिसली तर का, ते विचारा. माझ्या पहिल्या ड्रॉइंगमध्ये १.८ मीटर पाया, ३०० मिलिमीटर जाड. स्टेम तळाशी ३००, वर २००. वर २०० पेक्षा बारीक केली तर आत व्हायब्रेटर, म्हणजे काँक्रीट हलवून बसवणारं यंत्र, नीट उतरत नाही, मग खडी एकीकडे आणि सिमेंटचं पाणी एकीकडे.

वर काय येणार आहे, हे तुम्ही सांगितलंय का? भिंतीच्या वर गाडी उभी राहणार असेल तर चौरस मीटरला एक टन भार धरला तरी जोर मीटरमागे आणखी एक टन वाढतो. वरच्या हिशेबात पावणेतीनचे पावणेचार होतात, आणि दीडचा आकडा एकच्या जवळ येतो. मी पार्किंगचं नंतर सांगितलं. सगळं ड्रॉइंग पुन्हा झालं, पाया रुंद झाला आणि तळाला खाली उतरणारा एक दात, ज्याला शिअर की म्हणतात, तो आला. फी पुन्हा द्यावी लागली, आणि चूक माझीच होती.

भूकंप धरलाय का, हेही विचारा. भूकंपाचं भारतीय मानक म्हणजे आयएस १८९३, त्याच्या २०१६ च्या नकाशात पुणे झोन तीनमध्ये येतं.

दोन टप्प्यांत भिंती घालायचा मोह होतो, एक खाली, एक वर, मध्ये बाग. छान दिसतं. पण वरची भिंत खालचीच्या अगदी मागे असेल तर तिचं सगळं ओझं खालच्या भिंतीवर येतं. खालच्या भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर मध्ये असेल तर त्या वेगळ्या धरता येतात, हा ढोबळ ठोकताळा. कमी अंतर असेल तर इंजिनिअरने दोन्ही एकत्र तपासायला हव्यात.

६. वेळापत्रक उलटं मांडा

पुण्यात पाऊस साधारण १० जूनच्या आसपास येतो. तिथून मागे मोजा. भराव आणि वरची गटार मेच्या मध्यापर्यंत संपायला हवी. भराव टाकण्याआधी काँक्रीटला २८ दिवस द्यायचे. म्हणजे स्टेमचं शेवटचं काँक्रीट मार्च संपता संपता. त्याआधी पाया, त्याआधी खोदाई. दिवाळीनंतर खोदाई सुरू केलीत तर आरामात होतं, शिमग्याला सुरू केलीत तर पळापळ होते. मजूर होळीला गावी जातात हेही धरा. अर्धवट खोदलेला उतार पावसाळ्यात उघडा ठेवणं यापेक्षा भिंत पुढच्या वर्षावर ढकलणं बरं.

७. खोदाई

उतार एकदम पूर्ण लांबीत कापू नका. टप्प्याटप्प्याने, मध्ये मध्ये माती तशीच ठेवून कापा, एक भाग बांधून झाला की दुसरा. कापलेली बाजू उभी न ठेवता तिरपी ठेवा. निघालेली माती खड्ड्याच्या काठावर रचू नका. सगळ्यांना माहीत असतं, सगळे तरीही रचतात, कारण जेसीबीला तेच सोयीचं.

आणि भिंतीच्या किंवा कापलेल्या उताराच्या खाली मजुरांना पाल ठोकू देऊ नका. ते ठोकतातच, कारण तिथे वारा लागत नाही आणि पाण्याचा नळ जवळ असतो. झोपायला दुसरी जागा दाखवा, पत्रे तुम्ही द्या, हवं तर नळही तिकडे न्या. कोंढव्याची बातमी ज्याने वाचली आहे त्याला याचं कारण सांगावं लागत नाही.

८. सळई: इथे स्वतः हजर राहा

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. एक दिवस रजा काढायची असेल तर ती सळई बांधतात त्या दिवशी काढा.

माती भिंतीला पुढे ढकलते. भिंत पुढे वाकू पाहते, म्हणजे मातीकडची बाजू ताणली जाते. काँक्रीट दाबाला खंबीर, ताणाला कच्चं. म्हणून जाड सळई मातीच्या बाजूला हवी. आमच्या फिटरने ती बाहेरच्या, रस्त्याकडच्या बाजूला बांधायला घेतली होती. त्याचं म्हणणं सरळ होतं: "दिसणारी बाजू मजबूत पाहिजे ना?" माणूस मेहनती, हात सफाईदार, जाळी दोरीत. आणि पूर्ण उलटी. तशीच काँक्रीटमध्ये गेली असती तर भिंत बाहेरून सुंदर दिसली असती आणि आतून जवळजवळ बिनसळईची असती. इंजिनिअर दुपारी आले म्हणून सापडलं.

लक्षात ठेवायला: माती जिकडे, जाड सळई तिकडे. टाचेत माती वरून दाबते, म्हणून तिथे मुख्य सळई वरच्या बाजूला. पंज्याला मात्र जमीन खालून ढकलते, म्हणून तिथे खालच्या बाजूला. पायातून वर येणारे उभे बार पायाच्या वेळीच बांधले जातात. ते एकदा चुकीच्या बाजूला आले की नंतर सुधारणा नाही.

बाकी तपासणी:

- मातीला लागणाऱ्या बाजूंना कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीट, ५० मिलिमीटर. कव्हर ब्लॉक काँक्रीटचे घ्या, दगडाच्या चिपा चालवून घेऊ नका.
- पायाखाली पीसीसी, म्हणजे बिनसळईच्या काँक्रीटचा थर, झालेलं आहे, सळई मातीवर टेकलेली नाही.
- जिथे दोन बार जोडतात तिथे लॅप, म्हणजे दोन्ही बार शेजारी चालतात ती लांबी, ड्रॉइंगप्रमाणे. ५०० ग्रेडची सळई आणि एम २५ काँक्रीट असेल तर सरळ बारला व्यासाच्या जवळजवळ ५० पट लांबी लागते, म्हणजे १२ मिलिमीटरला दोन फूट. "फूटभर बस झालं" चालत नाही.
- सगळ्या जाळीचे फोटो, टेप लावून, तारखेसह. काँक्रीट पडलं की हा पुरावा परत मिळत नाही.

९. काँक्रीट

पहिल्या ड्रॉइंगप्रमाणे माझ्या भिंतीला मीटरमागे सव्वा घनमीटरच्या आत काँक्रीट लागणार होतं, पायासकट एकूण अठराच्या आसपास. म्हणजे सहा घनमीटरच्या तीन गाड्या. पण गल्लीत ट्रान्झिट मिक्सर वळतो का, हे आधी पाहा. आमच्या चढावर पहिली गाडी अर्ध्यात थांबली आणि पंप मागवण्यात दीड तास गेला. उशीर झाला की ड्रायव्हर ड्रममध्ये पाणी सोडून माल पातळ करतो. ते करू देऊ नका, गाडी परत पाठवा. जीव तुटतो, पण पाठवा.

पाया आणि स्टेम यांच्यातला सांधा हा भिंतीचा कमकुवत दुवा. पायाचं काँक्रीट ओलं असतानाच तिथे खरबरीत करून घ्या. शटरिंग लावण्याआधी लाकडाचा भुसा, बाइंडिंग वायरचे तुकडे, गुटख्याच्या पुड्या, सगळं धुऊन काढा. आमच्याकडे तिन्ही निघालं.

शटरिंग लावताना भिंतीचा बाहेरचा चेहरा ओळंब्यापेक्षा किंचित मातीकडे कलता ठेवायला सांगा, ५० ला १ एवढा. भराव पडल्यावर भिंत जराशी पुढे येतेच. ओळंब्यात बांधलेली भिंत मग बाहेर झुकल्यासारखी दिसते, आणि येणारा-जाणारा प्रत्येक पाहुणा तुम्हाला ते सांगतो.

पाणी मारणं: साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस, राख मिसळलेलं पीपीसी असेल तर १० दिवस. उभ्या भिंतीवर पाणी थांबत नाही, म्हणून गोणपाट लावा आणि ते ओलं ठेवा. एप्रिलमध्ये पुण्यात दुपारी दोनला गोणपाट वीस मिनिटांत कडकडीत होतं. वॉचमनला वरचे पैसे द्या.

१०. पाण्याला वाट

भिंतीत ७५ ते १०० मिलिमीटरचे पाइप, आडवे-उभे साधारण मीटर-सव्वामीटरवर, एकाआड एक, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. सगळ्यात खालची ओळ समोरच्या जमिनीच्या जरा वर. यांनाच वीप होल म्हणतात. हे पाइप शटरिंगच्या वेळीच बसवायचे असतात. नंतर ड्रिल करू म्हणणाऱ्याला जाड सळईची आठवण करून द्या.

नुसते पाइप ठेवून काम होत नाही. मागे माती थेट पाइपला लागली तर पहिल्या पावसात तोंड बुजतं. भिंतीला लागून दोन फूट जाडीचा खडीचा थर तळापासून वरपर्यंत, आणि खडी व माती यांच्यामध्ये पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं जिओटेक्स्टाइलचं कापड. ठेकेदार पाइपच्या तोंडाशी घमेलंभर खडी टाकतो आणि "फिल्टर झाला" म्हणतो. तो फिल्टर झालेला नसतो.

भराव मुरमाचा, नऊ इंचांच्या थरात, पाणी मारून आणि धुमस करून. भिंतीपासून पाच फुटांच्या आत मोठा रोलर किंवा जेसीबी आणू नका, तिथे हाताने चालवायचा कॉम्पॅक्टर. खोदाईत निघालेली काळी माती "फुकट आहे" म्हणून परत आत ढकलायचा मोह सगळ्यांनाच होतो. ती पुढच्या बागेत टाका.

वर, भिंतीच्या मागे, पावसाचं पाणी आत जाऊच नये म्हणून काँक्रीटची छोटी गटार. आणि या तीन गोष्टी भिंतीच्या मागे ठेवू नका: ड्रेनेजचा शोषखड्डा, पावसाचं पाणी मुरवायचा खड्डा, आणि गच्चीवरून उतरणारा पाइप. आमच्या प्लंबरने यातला पाणी मुरवायचा खड्डा नेमका भिंतीपासून चार फुटांवर आखला होता, कारण "पाणी तिकडेच उतरतं ना". उतरतं, म्हणूनच तिथे नको.

पुण्याच्या पेठांमध्ये वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तुमचा प्लॉट मुळशीकडे जितका सरकेल तितका हा आकडा झपाट्याने वाढतो, ताम्हिणीपर्यंत तो कित्येक पटींनी होतो. कोथरूडमध्ये चाललेलं ड्रेनेज पौडच्या पुढे चालेल असं धरू नका.

११. पहिला पावसाळा

भिंतीच्या माथ्यावर तीन ठिकाणी रंगाने खूण करा आणि समोरच्या एखाद्या पक्क्या खांबापासूनचं अंतर टेपने मोजून वहीत लिहा. जूनमध्ये, जुलैमध्ये, गणपतीत पुन्हा मोजा. सुरुवातीला काही मिलिमीटर पुढे येणं चिंतेचं नाही. दर महिन्याला वाढत राहिलं तर इंजिनिअरला फोन.

मोठ्या पावसात छत्री घेऊन बाहेर पडा आणि वीप होल पाहा. स्वच्छ पाणी येतंय म्हणजे सगळं ठीक. धो-धो पाऊस आणि पाइप कोरडे, पण भिंतीवर ओलीचे डाग, म्हणजे मागे तुंबलंय. गढूळ पाणी येत असेल तर माती वाहून जातेय आणि कापड कुठेतरी फाटलं किंवा सुटलं आहे.

माझ्या भिंतीचा डावीकडून तिसरा पाइप पहिल्या जुलैत चहासारखं पाणी सोडत होता. वरून त्या जागी भराव उकरला तर कापडाच्या दोन पट्ट्या एकमेकींवर चढवायच्या ऐवजी नुसत्या शेजारी ठेवलेल्या निघाल्या. फूटभर ओव्हरलॅप देऊन नवीन तुकडा टाकला, खडी परत भरली. दीड दिवसाचं काम. तो पाइप आता स्वच्छ वाहतो, आणि खालच्या रस्त्याने जाणारे दूधवाले आपले कॅन त्याच्या धारेखाली विसळतात.